तांडापेठेतले गंधार

धकातेंच्या दुकानात पंखा
काळी चारच्या जरा खाली लागतो.
"थांब, उतरू दे त्याला," म्हणत
ते बटण बंद करतात आणि कानस उचलतात.
नागपुरी मे. पंचेचाळीस अंश.
पितळेच्या पत्त्यासुद्धा अंमळ उतरलेल्या.

मी फोन पुढे करते : बघा, तीनशे सत्तेचाळीस सेंट.
"सेंट? अत्तराचे?"
इतवारीच्या सुपारीसारखा
आकडा दाढेखाली फिरवत राहतात,
चावत नाहीत, गिळतही नाहीत.

माझ्या वहीत सगळं आहे.
नऊ भागिले आठ, दहा भागिले नऊ,
दोघांमधली ती केसाएवढी फट, एक्क्याऐंशीला ऐंशी,
आणि ग्रंथांतल्या बावीस जणी,
तीव्रा, कुमुद्वती, मंदा, छंदोवती,
नात्यातल्या बायकांसारख्या पाठ केलेल्या.
गंधाराच्या घरात रौद्री आणि क्रोधा शेजारी राहतात.
"भांडत असतीन," धकाते म्हणतात.

त्यांचा बाप कोष्टी. माग याच खोलीत होता,
पाय सोडायचा खड्डा अजून आहे,
त्यात आता फाटके भाते.
"बाप लाल सूत अकरा नावांनं मागे.
डाळिंबी, गुंजी, ओली मिरची, वाळली मिरची.
ओलीच्या जागी वाळली आली
तं लुगडं वापस.
अन् तुमच्यात गंधार दोनच?
मधातला काय अनाथ हाय?"

भिंतीला खणांचं कपाट,
होमिओपॅथीच्या डॉक्टरकडून मोडीत घेतलेलं.
खणांवर अजून बेलाडोना, अर्निका,
खाली खडूनं यांची अक्षरं :
भोंगा.
तान्ह्या पोळ्याचं चाक.
लोहापूल, रात्रीचा.
सत्यभामा.

भोंगा मिलचा. पाळी सुटली की
ओरडत चढायचा, आणि थकून जिथे टेकायचा
तो स्वर. दोन पत्त्या शिल्लक.

सत्यभामाबाई हेडाऊ भजनी मंडळात.
त्यांचा ग दरवेळी तिथंच,
कोमलच्या वर, शुद्धच्या खाली.
पेटीवाला पट्टी बदलून बदलून थकला.
बेसूर, म्हणत सगळे.
"चाळीस वर्षं बाई एकाच जागी चुकून राह्यली
म्हणजे राह्यतेच तिथं."

सातवीत, स्नेहसंमेलनाच्या रांगेत
बाई माझ्या कानाशी वाकल्या होत्या,
तू नुसते ओठ हलव.
हे मी धकातेंना सांगत नाही.
विचारते, हिला रौद्री का म्हणायचं नाही?
नाव तर आहे.
"मी रौद्रीले कदी भेटलो नाई."

पत्ती टोकाला घासली की सूर चढतो,
मुळाशी घासली की उतरतो.
एकदा टोकाला, दोनदा मुळाशी,
मग फुंकर. मग पत्ती भात्यावर.
"गा."
काय गाऊ?
"काय नोको. ग लाव फक्त."

गल्लीत कुणीतरी बर्फ फोडतंय.
मी फोन पालथा ठेवते
आणि आवाज लावते, आधी घशातच,
मग जरा बाहेर.
कानस थांबते.
पुन्हा चालते, मुळाशी, मुळाशी, किंचित टोकाला.
मांडीवर पिवळा भुगा.
पेटी आणि मी एका क्षणी
कोण कुठलं ते कळेनासं होतं, 
मग श्वास संपतो, माझा आधी.

ते एक खण ओढतात, नक्स व्होमिका.
आत साखरेच्या गोळ्यांचा शिळा वास.
पत्ती कागदात गुंडाळून ठेवतात, खडू मला देतात.
मी लिहायला हात उचलते
तशी मनगट धरतात.
"आज नोको. आजच तं जन्मली.
बारसं बाराव्या दिवशी."

पंखा लावतात.
मी खडू परत करते.
बोटं पांढरी, आणि वर तो पंखा,
काळी चारच्या जरा खाली,
म्हणजे नेमका कुठे,
ते वहीत लिहायचं राहूनच जातं.